रात्र नसलेल्या बेटावरची पौर्णिमा

नॉर्वेच्या पार उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, अशा एका बेटावर पोहोचल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर भाड्याची गाडी सावलीत नेऊन लावली.

सावली तिथे सहज मिळत नाही. आम्ही ज्या लाल लाकडी घरात राहणार होतो त्याच्या दारातच मोठं पटांगण होतं. आमच्यासारख्या दहा गाड्या तिथे आरामात उभ्या राहिल्या असत्या. पण पटांगणभर ऊन पसरलेलं. मी गाडी तशीच पुढे काढली. धक्का मागे पडला, मासे सुकवायच्या लाकडी मांडवांची रांग मागे पडली, आणि वळणापलीकडे एका गोदामाच्या भिंतीची चांगली ऐसपैस सावली दिसली. तिथे गाडी लावली. मस्कतहून बॅगेत घडी घालून आणलेला चंदेरी पडदा समोरच्या काचेला आतून नीट बसवला. मग आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि नववीतली मुलगी, बॅगा ओढत उलट चालत आलो. वारा समुद्रावरून येत होता आणि कुणीतरी फ्रीजरचं दार उघडं टाकून गेल्यासारखा लागत होता.

अर्ध्या वाटेवर बायकोनं शाल कानांवरून घट्ट ओढून घेतली आणि शांतपणे विचारलं, "अहो, गाडी वितळली असती का?"

हा दोष माझा नाही, सवयीचा आहे असं मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो. मस्कतमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस अंतर बघून गाडी लावत नाही, सावली बघून लावतो. आमच्या वादी कबीरच्या बिल्डिंगखाली एकच झाड आहे आणि त्याची सावली जेमतेम दीड गाडीवर पडते. त्या दीड गाडीच्या जागेवरून खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे भाई आणि मी यांच्यात अबोला होता होता राहिलेला आहे. जुलैत सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देतं, स्टिअरिंगवर ओला टॉवेल टाकावा लागतो. अशा गावाहून आलेल्या माणसाला ऊन दिसलं की त्याचे पाय आपोआप दुसरीकडे वळतात. घरमालकीणबाईंना हे कसं कळणार? त्यांनी दुसऱ्याच दिवशी फार सभ्यपणे विचारलं, की गाडीत झाकून ठेवण्यासारखं काही आहे का.

माझा धंदाच मुळात थंडीचा. मॉल आणि ऑफिसांच्या एसी यंत्रणा चालू ठेवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर आहे. वर्षभर दुसऱ्यांसाठी थंडी बनवायची, आणि घरी येऊन आपल्या एसीचा फिल्टर कधी साफ करणार हे बायकोकडून ऐकायचं. जुलैत रजा मागितली तेव्हा आमचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, लग्नाच्या दिवशी आचाऱ्यानं सुट्टी मागावी तसा माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, यल्ला, जा, पण फोन चालू ठेव.

कल्पना मुलीची होती. तिनं कुठेतरी मध्यरात्रीच्या सूर्याचे फोटो पाहिले आणि महिनाभर दुसरा विषय काढला नाही. तिचं मराठी अर्ध्या रस्त्यात थांबणाऱ्या स्कूलबससारखं आहे. "बाबा, तिथे रात्री बारा वाजता पण सन असतो. म्हणजे, लाइक, खरा सन." मी म्हटलं, इथला दिवसाचा सूर्य काय कमी पडतो म्हणून तो रात्री बघायला पैसे खर्चून जायचं? पण तिला तो थंड सूर्य बघायचा होता, ज्याच्यात उभं राहता येतं तो. हे मात्र मला पटलं. मी तिच्या शाळेची सुट्टी पाहिली, माझी रजा पाहिली, तिथे सूर्य कधीपर्यंत मावळत नाही ते पाहिलं, आणि तिकिटं काढली. चंद्र तेवढा पाहायचा राहिला.

चंद्राचं असं होतं.

आम्ही बौद्ध. बायकोचं माहेर अकोल्याकडचं. तिची आई दर पौर्णिमेला उपोसथ करायची. पांढरी साडी नेसून पहाटे वंदना, मग दिवसभराचं अष्टशील: जेवण दुपारी बाराच्या आत, त्यानंतर दुसऱ्या दिवशीची पहाट होईपर्यंत पाणी नाहीतर कोरा चहा, अंगावर दागिना नाही, गाणंबजावणं नाही, पलंगावर झोपणं नाही. बायको लहानपणी हे सगळं नुसतं बघायची. लग्न होऊन मस्कतला आल्यावर तर आमची पौर्णिमाही आमच्या सोयीनं यायला लागली. माबेल्याला एका कुटुंबाच्या हॉलमध्ये दहा-बारा घरं जमतात, सामुदायिक वंदना होते, मुलं आतल्या खोलीत इंग्रजीत भांडतात. पण ती सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी. चंद्र मंगळवारी पूर्ण झाला तर त्यानं आमच्यासाठी शुक्रवारपर्यंत थांबायचं.

आदल्या वर्षी आषाढाच्या शेवटी सासूबाई गेल्या. तिकीट मिळून, विमान बदलून, गाडी करून ही गावी पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मग ती परत आली. एक दिवस भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाली, "वर्षभराच्या बारा पौर्णिमा मी आईच्या धरणार आहे. शुक्रवारी नाही. ज्या दिवशी असेल त्या दिवशी."

आणि तिनं धरल्या. अझैब्याच्या एका कन्सल्टन्सीत ती बांधकामाचे नकाशे तपासते. पौर्णिमेला पांढऱ्या ड्रेसमध्ये ऑफिसला जायची, बाराच्या आत डबा संपवायची, संध्याकाळी आमच्यासाठी स्वयंपाक करून स्वतः कोरा चहा घेऊन बसायची आणि रात्री हॉलमध्ये चटई टाकायची. ऑफिसातल्या मल्याळी बाईंना वाटायचं हिनं डाएट धरलंय, पण महिन्यातून एकच दिवस डाएट करून हिचं वजन कसं उतरतं, याचं त्यांना कोडं होतं. श्रावणापासून अकरा झाल्या. बारावी आषाढी, आणि ती नेमकी आमच्या बेटावर पडली.

हे तिला भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये दिसलं, तिकिटं निघाल्यावर. मी तारखा बदलायचं बोलून पाहिलं, बदलता येणार नाहीत हे मला माहीत होतं तरी. ती म्हणाली, "असू दे. चंद्र काय फक्त मस्कतलाच उगवतो?"

आम्ही बेटावर पोहोचलो तो शनिवार. पौर्णिमा रविवारची. शनिवारी संध्याकाळी, म्हणजे घड्याळात संध्याकाळ आणि बाहेर भर दुपार असताना, बायको म्हणाली, दुकानातून भाजी-फळं आणून ठेवा. मी म्हटलं, घाई काय आहे, उद्या रविवार आहे, उद्याच आठवडा सुरू होतो. आखातात राहून माझ्या रक्तात शुक्रवार-शनिवारची सुट्टी इतकी भिनली आहे, की रविवार म्हटलं की मला आपोआप कामाला जायची धास्ती वाटते. रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन निघालो. दुकान बंद, शेजारचं बंद, बेकरी बंद. रस्त्यावर फक्त समुद्रपक्षी कामावर हजर होते. घरी येऊन सांगितल्यावर बायकोनं बॅगेतली तूरडाळ-तांदूळ काढले. पौर्णिमेचं जेवण म्हणजे बाराच्या आत गरम खिचडी आणि लोणचं, इतकं साधं झालं.

त्याआधी सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर तिनं बुद्धाची छोटी तसबीर मांडली होती, दोन मेणबत्त्या लावल्या होत्या. त्या उन्हात त्यांची ज्योत दिसत नव्हती. वात जळतेय का ते जवळ जाऊन बघावं लागे. मुलीनं त्रिशरण अडखळत म्हटलं. आणि मला, तारखेच्या घोटाळ्याची थोडी टोचणी होती म्हणून असेल, अचानक शौर्य चढलं. म्हटलं, आज मीही अष्टशील घेतो.

"झेपेल का?" तिनं विचारलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

दुपारी आम्ही दोघांनी गाद्या जमिनीवर ओढल्या. मालकीणबाई टॉवेल द्यायला आल्या, त्यांनी उघडे पडलेले पलंग पाहिले आणि पलंग वाईट निघाल्याबद्दल त्या दिलगिरी व्यक्त करू लागल्या. मी माझ्या इंग्रजीत त्यांना पौर्णिमा समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाठदुखीचं मलम आणून दिलं.

त्याच रात्री होडीची सफर होती. मुलीनं मस्कतहूनच ठरवून ठेवलेली: रात्री निघायचं, मध्यरात्रीचा सूर्य समुद्रातून बघायचा, मग एका निर्मनुष्य किनाऱ्यावर उतरून शेकोटीवर भाजलेला ताजा मासा खायचा. यावर आमच्या घरात एक छोटा खटला चालला. अष्टशीलात नाचगाणी आणि तमाशे बघणं वर्ज्य. मग सूर्य बघायला होडीनं जाणं तमाशात मोडतं का? मुलगी म्हणाली, सन काही शो नाहीये, सन सन आहे. बायकोनं थोडा विचार केला आणि म्हणाली, सूर्य तर खिडकीतूनही दिसतोय, तो बघू नये असं कुणी म्हटलेलं नाही. होडीवर कुणी गाणं लावलं तर मी दुसरीकडे तोंड करीन. निकाल लागला.

होडी चालवणारी आणि माहिती सांगणारी एकच बाई होती, रुंद खांद्यांची, लोकरीच्या टोपीतली. आमच्याशिवाय एक वयस्कर जर्मन जोडपं होतं, ते दोघं आपापसातही बोलत नव्हते. पाणी तेलासारखं संथ. डोंगर सरळ समुद्रात उतरलेले, वर अजून बर्फाच्या रेघा. एक मोठा गरुड आमच्या डोक्यावरून जाऊन पाण्यातला मासा उचलून गेला. मला त्या माशाकडे बघवेना, कारणं वेगळी होती. सूर्य आपल्याकडच्यासारखा खाली बुडत नव्हता. तो क्षितिजाच्या वर हातभर अंतर ठेवून आडवा चालला होता, गस्तीवरच्या शिपायासारखा. सगळं पाणी पितळी झालेलं. मुलीनं कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, सन ओव्हरटाइम करतोय." आमच्या अर्बाबला हा सूर्य फार आवडला असता.

होडीतले सगळे उत्तरेकडे, सूर्याकडे तोंड करून बसले होते. फक्त बायको त्याच्याकडे पाठ करून बसली होती. पांढऱ्या ड्रेसवर स्वेटर, त्यावर होडीवाल्यांचं लाल जीवरक्षक जाकीट, आणि नजर दक्षिणेकडच्या डोंगरांवर. थोड्या वेळानं होडीवाल्या बाईनं विचारलं, तिकडे काय बघताय, सूर्य इकडे आहे. बायको म्हणाली, आज पौर्णिमा आहे, चंद्राची वाट बघतेय.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी इंजिन हळू केलं आणि समजावून सांगितलं, की उन्हाळ्यात इथे पूर्ण चंद्र दिसत नाही. पूर्ण चंद्र म्हणजे सूर्याच्या बरोब्बर समोरचा. सूर्य वर राहिला की तो खाली राहतो. त्या डोंगरांच्या मागे, खालून खालूनच फिरून जातो. वाट बघू नका.

बायकोनं मान हलवली. तरी पुढचा बराच वेळ ती तिकडेच बघत होती. मी तिला दुर्बीण देऊ केली, ती तिनं घेतली नाही.

किनाऱ्यावर उतरल्यावर बाईंनी शेकोटी पेटवली, लोण्यात माखलेला मासा आणि बटाटे जाळीवर ठेवले. बाराचा सुमार. खिचडी खाऊन अर्धा दिवस झाला होता आणि समुद्राचा वारा पोटात शिरून भांडी वाजवत होता. वास आला. मी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा माशाकडे, आणि मला सासूबाईंची गोष्ट आठवली.

ती गोष्ट बायकोनंच मला सांगितलेली. उपोसथ कधी सुटतो हे सासूबाई घड्याळावरून ठरवत नसत. गावच्या विहारात आलेल्या भंतेजींनी त्यांना शिकवलं होतं: हात लांब करून धरायचा, दिव्याशिवाय तळहाताच्या रेषा दिसल्या की पहाट झाली. म्हणून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्या अंधारात ओट्यावर हात पुढे करून बसायच्या, आणि बायको लहानपणी शेजारी बसून त्या हाताकडे बघायची, कारण रेषा दिसल्या की चहा टाकला जायचा.

मी बायकोसमोर जाऊन हात लांब केला. "हे बघ. सगळ्या रेषा दिसतायत. पहाट झाली. आईंच्या हिशेबानं चहा टाकायची वेळ झाली. चल, जेवून घेऊ."

तिनं खरंच माझ्या तळहाताकडे निरखून पाहिलं. "या रेषा संध्याकाळी दिसत नव्हत्या?"

"दिसत होत्या."

"दुपारी?"

"दुपारी पण होत्याच की."

"मग पहाट झाली कधी?"

मी हात खाली घेतला. कंपनीत मला युक्तिवादात कुणी हरवत नाही, पण तिथे माझ्यासमोर यंत्रं असतात. मुलगी हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आई, पण नाइटच नाही झाली तर नेक्स्ट डे येणार कसा?"

बायकोनं थर्मासचं झाकण उघडलं. मग म्हणाली, "हो ना. रात्र झाल्याशिवाय पहाट नाही. रात्र भेटेपर्यंत माझं चालू राहील."

मी म्हटलं, अगं, इथे रात्र अजून कितीतरी दिवस नाही.

"आपण बुधवारी निघतोय ना? वाटेत कुठेतरी भेटेल." आणि माझी काळजी ओळखून पुढे म्हणाली, की जेवण रोज बाराच्या आत करीन, उपाशी राहणार नाही. पण शील सुटलं असं रात्र बघितल्याशिवाय म्हणणार नाही. शेवटची आहे, तीच अर्धवट सोडली तर मग अकरांना काय अर्थ?

मी मासा खाल्ला. माझं अष्टशील एका दुपारपुरतं टिकलं, आणि त्या माशाबद्दल मला आजही वाईट बोलवत नाही. बायकोनं थर्मासमधला कोरा चहा घेतला आणि मुलीच्या ताटातले काटे काढून दिले.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप बाहेर जाऊन रत्नागिरीच्या भाईंना फोन लावला. झाडाच्या सावलीवरून कितीही ताणलं तरी धर्माच्या अडचणीत माणूस शेजाऱ्यालाच विचारतो. त्यांचा रमजान नुकताच संपला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमच्यातही हा सवाल निघतो. जिथे रात्र होते असं जवळचं गाव धरायचं, नाहीतर मक्केची वेळ धरायची. वहिनींना सांगा मस्कतची वेळ धरा आणि खलास करा. मला हायसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, तिथे सुकवलेला मासा चांगला मिळतो म्हणतात, जमलं तर आणा, इन्शाल्ला.

भाईंचा सल्ला मी बायकोला माझा म्हणून सांगितला. ती म्हणाली, "मस्कतचं घड्याळ धरायचं असतं तर मस्कतलाच थांबले असते."

त्यानंतरचे दिवस आम्ही जे जे करायला आलो होतो ते सगळं केलं. मुलगी आणि मी छोट्या होड्यांतून वल्ही मारत फिरलो. माझी होडी वर्तुळात फिरते हे लवकरच किनाऱ्यावरच्या सगळ्यांना कळलं. जेवणानंतर मालकीणबाईंच्या अंगणात उन्हात बॅडमिंटन खेळलो. रात्रीचे अकरा वाजले आहेत हे कुणाच्या लक्षात येत नसे आणि कुणी 'आत चला' म्हणत नसे. मस्कतमध्ये जुलैत मुलं संध्याकाळशिवाय खाली उतरत नाहीत. इथे मुलगी ऊन खात होती, शब्दशः, तोंड वर करून. बायको सगळीकडे आमच्याबरोबर होती, पांढऱ्या कपड्यांत, गळा-हात मोकळे. संध्याकाळी आम्ही टेबलावर जेवायला बसलो की ती पलीकडे चहा घेऊन बसायची आणि माझ्या बटाट्यात मीठ कमी आहे हे न खाता सांगायची.

झोपायला मात्र ती एकटीच जमिनीवर. मी आता पलंगावर. मालकीणबाई सकाळी यायच्या, जमिनीवरची एक गादी बघायच्या, पलंगावरची दुसरी बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. त्यांच्या नजरेतून रोज थोडी थोडी सभ्यता कमी होत गेली. शेवटी मी बायकोला म्हटलं, बाई मला राक्षस समजतायत, तू काहीतरी सांग त्यांना. तिनं सांगितलं. अष्टशील इंग्रजीत सांगणं अवघड म्हणून तिनं सांगितलं की हे घोरतात. बाईंना ते लगेच पटलं. त्यांनी तिला कानात घालायचे बोळे आणून दिले.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही घरामागचा डोंगर चढलो. माथ्यावरून सूर्य आणि समुद्र एकदम दिसतात म्हणून सगळे तिथे रात्री जातात. वाट खडी, मध्येमध्ये ओली. धाप मला लागत होती आणि उपास तिचा होता, म्हणून मी आपलं जपून जपून तिच्या मागे राहिलो. माथ्याच्या थोडं खाली ती एकाएकी दगडावर बसली. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. मी खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. मुलीनंही आपल्या हातातलं अर्धं बिस्कीट पुढे केलं.

"दहा मिनिटं द्या," ती म्हणाली.

मी रागावलो. म्हटलं, दोन बिस्किटांनी काही होत नाही, प्रवासात सगळं माफ असतं, तुझा हट्ट आहे हा. ती बिस्किटाकडे बघत होती. मुलीचा हात तसाच पुढे राहिलेला. मला वाटलं, आता घेते. तिनं ते घ्यावं असं मला हवंही होतं आणि खरं सांगायचं तर कुठेतरी नकोही होतं. अकरा महिने मीही हॉलमधल्या त्या चटईला ठेचकाळत पाणी प्यायला उठलो होतो. तिनं मुलीचा हात हलकेच मागे सारला, थर्मासमधला चहा दोन घोट घेतला, त्यात साखर जास्त घाल असं मी सकाळी सांगितलं होतं ते तिनं ऐकलं होतं. थोड्या वेळानं रंग परत आला. ती उठली आणि माझ्या आधी माथ्यावर पोहोचली. वर मुलीनं आम्हा दोघांचा फोटो काढला. त्यात तिच्यापेक्षा मीच उपाशी दिसतो.

बुधवारी निघालो. निघताना भाईंसाठी सुका मासा घेतला. तो तीन पिशव्यांत बांधूनही बॅगेबाहेर आपली ओळख करून देत होता. बेटावरून निघालो तेव्हा ऊन, मधल्या विमानतळावर उतरलो तेव्हाही ऊन. मस्कतच्या विमानात बसलो तेव्हा बाहेर पिवळट उजेड होता. मग विमान दक्षिणेकडे वळलं आणि खिडकीत हळूहळू काळं भरत गेलं. मुलगी झोपली होती. बायकोनं खिडकीची झडप पूर्ण वर केली आणि कपाळ काचेला टेकवलं. खाली कुठल्यातरी गावाचे दिवे होते, वर काही नव्हतं. कमी होत चाललेला चंद्र कुठे असेल तर विमानाच्या दुसऱ्या बाजूला असेल, आम्हाला तो दिसला नाही. तिनंही शोधला नाही. ती अंधार बघत होती.

उतरायच्या आधी हवाईसुंदरीनं नाश्त्याचे ट्रे वाटले. बाहेर अजून काळोख होता. बायकोनं ट्रे नको म्हटलं. मी म्हटलं, घेऊन ठेव, उजाडलं की खा. पण उजाडायच्या आधीच त्यांनी ट्रे गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा मी माझ्यातला पाव आणि चीज खिशात टाकलं. विमानतळाबाहेर आलो तेव्हा गरम दमट हवेची ओली चादर तोंडावर पडली. चष्मा धुरकटला, तो पुसून होईपर्यंत पूर्वेकडचे डोंगर दिसायला लागले होते. टॅक्सी अझैब्यावरून पुढे आली तेव्हा सरळ सरळ पहाट झालेली, आपल्या नेहमीच्या, ओळखीच्या, निर्दयी दिवसाची. मी खिशातला पाव पुढे केला. तो चपटा झाला होता. ती म्हणाली, घरी जाऊन.

घरी येऊन तिनं आधी आंघोळ केली, तसबिरीपुढे बसली, मग कणीक मळून दोन पोळ्या लाटल्या. मी एसी लावून फिल्टर साफ करायचं नाटक करत होतो. ती ताट घेऊन स्वयंपाकघरातच बसली, पोळी आणि गूळ-तूप. मी समोर जाऊन बसलो. तिनं पहिला घास खाल्ला. मी विचारलं, झाल्या ना बारा?

"झाल्या."

"आईंना आवडलं असतं हे? एवढं चार दिवसांपर्यंत ओढलेलं?"

तिनं घास सावकाश चावला. "आई म्हणाली असती, एवढं कशाला ताणतेस ग पोरी. झोपून उठायचं, चहा घ्यायचा."

"मग ताणलंस कशाला?"

"म्हणायला ती नव्हती ना," ती म्हणाली.